साक्ष कशी वाचायची? पंडिता रमाबाई आणि ‘देवानं मला घडवलं’ हे विधान

पेट किंवा नेटची तयारी करताना ‘प्राथमिक साधन’ आणि ‘दुय्यम साधन’ यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. पत्र, रोजनिशी, आत्मचरित्र ही प्राथमिक साधनं. त्यांच्यावर नंतर कुणी लिहिलं तर ते दुय्यम. चार पर्यायांपैकी योग्य पर्यायावर खूण केली की विषय संपतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. समजा, तुमच्या हातात एक अस्सल प्राथमिक साधन आहे आणि ते लिहिणारी व्यक्ती म्हणते की माझ्या आयुष्यात जे जे घडलं, त्यातून देव मला घडवत होता. आता या विधानाचं संशोधकानं करायचं काय?

दोन सोपे मार्ग आहेत. श्रद्धाळू वाचक ते जसंच्या तसं स्वीकारतो आणि पुढं जातो. संशयी वाचक ‘हे काही सिद्ध करता येत नाही’ म्हणून ते वाक्य गाळतो आणि पुढं जातो. दोघांनीही ते वाक्य वाचलेलं नसतं. आजच्या लेखात आपण तिसरा मार्ग बघूया. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, इतिहासाचा नाही. पण साधन कसं वाचायचं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. उदाहरण घेऊया पंडिता रमाबाईंचं.

‘घडवणं’ म्हणजे काय?

आधी शब्द नीट बघू. आपल्या कोल्हापुरात हा शब्द रोजच्या वापरातला आहे. गुजरीतला सोनार साज घडवतो, कुंभार मडकं घडवतो. पण दोन्हीत फरक आहे. दागिना मोडून आटवला तरी सोनं तेच राहतं. मातीचं तसं नाही. ओली आहे तोवरच तिला पुन्हा आकार देता येतो. एकदा भट्टीत गेली की संपलं.

बायबलच्या जुन्या करारात यिर्मया नावाच्या संदेष्ट्याच्या ग्रंथात, १८व्या अध्यायात, कुंभाराचा प्रसंग आहे. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचं भांडं कुंभाराच्या हातात बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं भांडं करायला घेतो. ख्रिस्ती परंपरेत ‘देव माणसाला घडवतो’ या विचारामागं हे चित्र फार मोठं आहे. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, बिघडणं हा या चित्राचाच भाग आहे. दुसरं, चाकावर असताना मातीला आपलं काय होणार हे दिसत नसतं. म्हणून तिथं ‘विश्वास’ हा शब्द येतो. भांडं तयार झाल्यावर विश्वास ठेवण्यासारखं फारसं उरत नाही. तेव्हा असते ती कृतज्ञता.

हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या चर्चेत तो लागणार आहे.

रमाबाई: एका परिच्छेदात

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. त्या काळी हे धाडसच होतं. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत देशभर फिरले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, १८८१ साली मुलगी मनोरमा झाली, १८८२च्या फेब्रुवारीत नवरा गेला. म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा असे पाच मृत्यू. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि १८८३ साली डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या.

डॉक्टर मात्र झाल्या नाहीत. ऐकू कमी येण्याचा त्रास वाढला आणि वैद्यकीय शिक्षण सोडावं लागलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढं चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या, शिकवलं. १८८६ साली अमेरिकेला गेल्या, परत येऊन १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं, आणि पुढं केडगावला ‘मुक्ती’ उभी केली.

१९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. वडिलांच्या तीर्थयात्रांपासून ती सुरू होते आणि सगळा प्रवास देवाच्या हाताखाली झालेला प्रवास म्हणून सांगते. हेच आपलं साधन.

साक्ष हा वेगळा प्रकार आहे

‘साक्ष’ म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं हे चारचौघांत सांगणं. या लेखनप्रकाराला ठरलेली वाट असते. आधी अंधार, मग शोध, मग भेट, मग नवं आयुष्य. त्याला ठरलेला वाचकही असतो. रमाबाईंच्या बाबतीत हा वाचक मोठ्या प्रमाणात परदेशातला, मुक्तीच्या कामाला मदत करणारा ख्रिस्ती वाचक होता. ही टीका नाही, ही नोंद आहे. कुठलंही साधन हातात घेतल्यावर पहिले तीन प्रश्न हेच: कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं?

यातला ‘कधी’ सगळ्यात महत्त्वाचा. बाप्तिस्मा १८८३चा, साक्ष १९०७ची. मध्ये २४ वर्षं आहेत. दुष्काळ तर त्याच्याही आधीचा. म्हणजे सांगणारी रमाबाई जवळपास पन्नाशीची आहे आणि जिच्याबद्दल ती सांगते आहे ती सोळा-सतरा वर्षांची पोर आहे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. आपल्याकडं दोन प्रकारची कागदपत्रं असतात. एक, प्रयोगाची वही. त्यात तारीख, वेळ, फसलेले प्रयोग, कडेला काढलेली प्रश्नचिन्हं, कधी चहाचा डागसुद्धा. दुसरं, छापून आलेला शोधनिबंध. तो वाचून असं वाटतं, की या माणसाला पहिल्या दिवसापासून कुठं जायचं हे माहीत होतं. शोधनिबंध खोटा नसतो. पण तो शेवट माहीत असलेल्या माणसानं लिहिलेला असतो. साक्ष ही त्या शोधनिबंधासारखी आहे. मग रमाबाईंची प्रयोगवही कुठं आहे?

वहीतल्या नोंदी: १८८३ ते १८८५

आपलं नशीब असं, की ती वही उपलब्ध आहे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्मातल्या गुरू आणि पालक. त्या दोघींची आणि इतरांची पत्रं जपली गेली आणि १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपात आली. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा तरी चाळावीत.

त्या पत्रांतली रमाबाई चाकावर शांत बसलेली माती नाही. ती भांडते. त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारते. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून अडून बसते. शाकाहार सोडत नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघते, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेले बिशप ‘नको’ म्हणतात. त्यावर ती नाराजी स्पष्ट लिहिते. १८८५च्या मे महिन्यातल्या एका पत्रात तर ती सरळ सांगते, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या मुश्किलीनं उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही.

आणि याच वाँटेजच्या काळात एक भयंकर गोष्ट घडली होती. रमाबाईंबरोबर हिंदुस्थानातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी १८८३ साली तिथं आत्महत्या केली. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या थोडेच दिवस आधी. अशा मृत्यूला कोणत्याही कथेत सहज जागा मिळत नाही, ‘घडवण्या’च्या कथेत तर नाहीच. संशोधकानं मात्र तो आपल्या तारखांच्या तक्त्यात लिहून ठेवायचाच.

आता प्रश्न असा: ही भांडणारी रमाबाई खरी की १९०७ची शांत साक्ष देणारी रमाबाई खरी? बरेच नवशिके इथं एकीची निवड करतात आणि दुसरीला खोटं पाडतात. घाई करू नका. साक्ष पुन्हा वाचा.

साक्षीतली सगळ्यात अवघड कबुली

साक्षीतच रमाबाई एक गोष्ट सांगतात, जी त्यांनी लपवली असती तर कुणाला कळलंही नसतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं आणि हे ध्यानात आलं. त्याआधीचं आपलं ख्रिस्तीपण बरंचसं बुद्धीनं पटलेलं होतं, असं त्या स्वतः सांगतात. ते पटवण्यात नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांचा मोठा वाटा होता.

जरा हिशोब करा. या आठ वर्षांत काय काय झालं होतं? इंग्लंडमधलं शिक्षण, अमेरिकेतली व्याख्यानं, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७चं पुस्तक, शारदा सदनची स्थापना. बाहेरून बघणाऱ्याला ही ख्रिस्ती स्त्री पूर्ण घडलेली वाटली असती. ती स्वतः म्हणते, नव्हते घडले.

म्हणजे पत्रं आणि साक्ष एकमेकींना खोडत नाहीत. पत्रं दाखवतात की माती कच्ची होती. साक्ष मान्य करते की माती कच्ची होती. फरक एवढाच, की पत्र लिहिणारीला पुढचं माहीत नव्हतं. संशोधनाच्या भाषेत याला आपण दोन स्वतंत्र साधनांचा मेळ म्हणतो. मेळ बसला म्हणून ‘देवानं घडवलं’ हे सिद्ध होत नाही. पण ‘ही साक्ष सोयीचं तेवढंच सांगते’ हा आक्षेप बराच सैल होतो.

ज्यांना साक्ष लिहिता आली नाही

इथं कोल्हापूरचा एक धागा येतो आणि तो टाळता कामा नये.

आनंदीबाई जोशी आपल्याला माहीत आहेत. त्यांचे पती गोपाळराव पोस्ट खात्यात होते आणि काही काळ कोल्हापुरात होते. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांच्या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापला गेला. हे वाइल्डर म्हणजे १८५२ साली कोल्हापुरात येऊन मिशनचं काम सुरू करणारे. ‘ख्रिस्ती व्हा’ हा त्यांचा सल्ला जोशी दांपत्यानं मानला नाही. पण ती छापलेली पत्रं न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आली आणि त्यांनी मदतीचा हात पुढं केला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून आवर्जून आलेल्या पाहुण्या कोण? पंडिता रमाबाई. जिला डॉक्टर होता आलं नाही, ती डॉक्टर झालेलीचं कौतुक बघायला समुद्र ओलांडून गेली होती.

आनंदीबाईंची नेमणूक झाली होती आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, स्त्रियांच्या विभागावर. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तेच. त्या रुजू झाल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानं पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाई अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या, त्यामुळं त्यांचं आयुष्य ख्रिस्ती साक्षीत बसत नाही. मी त्यांना इथं आणलं ते वेगळ्या कारणासाठी. ‘दुःखातून मी घडले’ हे तोच सांगू शकतो, जो दुःखातून वाचला. रमाबाईंची आई, बहीण, भाऊ यांनी साक्षी लिहिल्या नाहीत. आनंदीबाईंना पन्नाशीत मागं वळून बघायला मिळालं नाही. संख्याशास्त्रात नमुना निवडताना जो दोष आपण शिकतो, तोच हा: फक्त टिकलेल्यांचीच नोंद हातात येते आणि आपण तिच्यावरून सगळ्यांबद्दल नियम काढतो. म्हणून ‘प्रत्येक संकट माणसाला घडवतं’ असं विधान रमाबाईंच्या साक्षीवरून करता येणार नाही. ‘रमाबाईंनी आपल्या संकटांचा अर्थ असा लावला’ हे मात्र खात्रीनं म्हणता येतं. प्रबंधातली दोन वाक्यं एका शब्दानं इकडची तिकडं होतात, आणि परीक्षक बोट ठेवतो ते तिथंच.

विश्वासाचे पुरावे कुठं शोधायचे?

मग विश्वासाचा अभ्यास करताच येत नाही का? येतो. पण त्यासाठी मागं वळून सांगितलेल्या गोष्टींपेक्षा, शेवट माहीत नसताना केलेल्या कृती बघाव्या लागतात. रमाबाईंच्या आयुष्यातल्या तीन घेऊ.

पहिली: झाडं. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनला जी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिनं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनंतर काय? रमाबाईंनी केडगावला शेतजमीन घेतली आणि फळझाडं लावली, म्हणजे मदत थांबेल तेव्हा उत्पन्न सुरू झालेलं असेल. याच बाई पुढं ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरसारख्यांचा आदर्श ठेवून, प्रार्थनेवर भिस्त ठेवून संस्था चालवायची असं ठरवतात. आपल्याला वाटतं, देवावर भरवसा ठेवणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो. इथं भरवसा ठेवणारी बाई विहीर आणि रोपं यांचा हिशोब करते आहे. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी होतं, आणि जमीन-झाडांच्या नोंदी या कुठल्याही साक्षीइतक्याच पुराव्याच्या आहेत.

दुसरी: दुष्काळ. १८९३ साली पुण्यात मोठं वादळ झालं. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात अशी टीका झाली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. इतकं होऊन तीनेक वर्षं झाली आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडं गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळात पुन्हा तेच. वीस-बावीस वर्षांपूर्वी दुष्काळात आईबापांना मरताना बघितलेली बाई दुष्काळाकडं पाठ फिरवू शकली असती. तसं केलं असतं तर कुणी दोष दिला नसता. ती उलट दिशेनं गेली. १८९७ साली लिहिलेल्या आपल्या दुष्काळाच्या अनुभवांत तिनं हे नातं स्वतः जोडलं आहे. आणि लक्षात घ्या, हे १९०७च्या दहा वर्षं आधीचं लेखन आहे. इथं ‘घडवणं’ हा शब्द नुसता मागाहून दिलेला अर्थ राहत नाही. जुनी जखम आणि नवी कृती यांच्यातला दुवा आपल्याला तारखेसकट दाखवता येतो.

तिसरी: छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचं मराठीत भाषांतर करायला घेतलं. साध्या बाईमाणसाला समजेल अशी मराठी हवी हा आग्रह होता. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. हे वर्षानुवर्षं चाललेलं काम. त्यातलं पान न् पान हे पुढचं माहीत नसताना केलेल्या कामाचं साधन आहे.

मग प्रबंधात लिहायचं कसं?

तुमच्या हाताशी असावी म्हणून एक साधी रीत सांगतो. श्रद्धेविषयीचं कुठलंही साधन घेतलंत की वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात घटना आणि तिची तारीख. दुसऱ्यात त्या घटनेबद्दल लिहिल्याची तारीख. तिसऱ्यात त्या दोन तारखांच्या मध्ये लिहिणाऱ्याच्या आयुष्यात काय घडलं ते. रमाबाईंचा बाप्तिस्मा घेतलात तर पहिल्यात १८८३, दुसऱ्यात पत्रांची १८८३ ते ८५ आणि साक्षीची १९०७, आणि तिसरा रकाना भरायला पान पुरणार नाही. साक्षीचा अर्थ बराचसा त्या तिसऱ्या रकान्यात असतो.

मग वाक्यं तीन प्रकारची लिहायची. ‘असं घडलं’: याला पुरावा हवा. ‘तिनं त्याचा असा अर्थ लावला’: याला तिचं लेखन हवं. ‘तो अर्थ मानल्यामुळं तिनं पुढं असं केलं’: याला तिची कृती हवी, आणि संशोधनाच्या दृष्टीनं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. चौथं वाक्य, म्हणजे ‘देवानं खरोखरच घडवलं की नाही’, ते प्रबंधात लिहायचं नसतं. ते वाक्य बिनमहत्त्वाचं आहे असं मात्र समजू नका. रमाबाईंसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि वाचकाला हे कळेल इतक्या आदरानं बाकीची तीन वाक्यं लिहिणं ही आपली जबाबदारी.

एक शेवटची तारीख तक्त्यात लिहा. साक्ष १९०७ला संपते. मनोरमा, जिला दोन वर्षांची असताना बोटीतून इंग्लंडला नेलं, जी मोठी होऊन आईच्या कामाची उजवी बाजू झाली, ती १९२१च्या जुलैत गेली. आईच्या आधी. त्या दुःखाची मांडणी १९०७च्या साक्षीत असणं शक्यच नाही. तिथं शेवट माहीत असलेली, मागं वळून बघणारी रमाबाई आपल्याला भेटत नाही. भेटते ती बायबलच्या कामाला धरून असलेली रमाबाई. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर पडलं १९२४ साली, केडगावच्या त्याच छापखान्यातून.

केडगाव पुणे-दौंड रस्त्याला आहे आणि मुक्ती आजही चालू आहे. विषय निवडायच्या आधी एकदा जाऊन या. जाताना तो तीन रकान्यांचा तक्ता भरून न्या, आणि तिसऱ्या रकान्यात थोडी जागा मोकळी ठेवा.